सोमीमावशीचा नववा रुपया

तुमच्या हातात चांदीचे नऊ जुने रुपये असतील, आणि त्यांतले तीनच मुंबईच्या तज्ज्ञाकडे तपासायला पाठवण्याची ऐपत असेल, तर कुठले तीन पाठवाल?

आम्ही मतदान घेतलं.

हसू नका. आमच्या घरात दुधी की दोडका हेही बहुमताने ठरतं. बाबा डहाणू रोड स्टेशनवर तिकीट खिडकीच्या आत क्लार्क, आणि खिडकीच्या बाहेर युनियनच्या शाखेचे चिटणीस. घरात पुस्तकांपेक्षा पत्रकं जास्त. इतर मुलं 'अ अननसाचा' शिकली, मी 'अ अन्यायाचा' शिकले. माझं पहिलं पत्रक मी तिसरीत असताना काढलं. ते आईच्या शिकेकाईविरुद्ध होतं. (मागणी मान्य झाली नाही. केस मात्र धुतले गेले.)

नाण्यांचा नाद लागला तोही बाबांच्या खिडकीतून. गाडी सुटायच्या घाईत लोक रुपया म्हणून वाटेल ते सरकवायचे. नेपाळचं नाणं, जत्रेतला बिल्ला, एकदा तर ठोकून चपटं केलेलं सोड्याच्या बाटलीचं झाकण! भरपाई बाबांच्या खिशातून. हा सगळा ऐवज मी बिस्किटांच्या डब्यात जमवला आणि डब्यावर लिहिलं: 'जनतेचा इतिहास'. कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला असताना जुन्या पुस्तकांच्या गाडीवर मला नाण्यांवरचं एक पुस्तक मिळालं. त्याची पहिली बारा पानं गायब होती. त्या पानांत 'नवशिक्यांनी काय करू नये' हे प्रकरण होतं. ते मला अनुक्रमणिका वाचून कळलं, पण अनुक्रमणिका शेवटी होती आणि मी शेवटपर्यंत पोचले तेव्हा उशीर झाला होता.

सोमीमावशी तलासरीच्या पुढच्या एका पाड्यावर राहते. आठवड्यातून दोनदा एसटीने डहाणूला येते, पळसाची पानं, करवंदं, पावसाळ्यात रानभाज्या विकते, आणि ऊन उतरेपर्यंत आमच्या रेल्वे क्वार्टरच्या ओट्यावर टेकते. आई नरपडच्या शाळेत शिक्षिका. दोघींची मैत्री माझ्या जन्माआधीची. म्हणूनच त्या दिवशी तिने गळ्यातली माळ काढून माझ्यापुढे ठेवली तेव्हा मला वाटलं, शेवटी जनतेने माझ्यावर विश्वास टाकला!

माळेत नऊ रुपये होते. प्रत्येकाला वर चांदीची बारीक कडी डाकलेली, कड्यांतून काळा दोरा.

"तू ते नाण्यांचं पुस्तक वाचतंस ना?" मावशी म्हणाली. "मग सांग, याच्यातले कंचे विकू?"

"माळ विकणार?"

"सगळी नाय गं. दोन-तीन. जानीची पेटी, गादी, पांढरे कपडे न ती अनामत, एवढं झालं की बास. बाकी माळ जानीच्याच गळ्यात जायची."

जानी म्हणजे तिची धाकटी. आश्रमशाळेतून दहावी झाली होती आणि ठाण्याला नर्सिंगच्या कोर्सला तिचा नंबर लागला होता. पाड्यावरून पहिलीच मुलगी. अनामत महिनाअखेरीच्या आत भरायची, नाहीतर जागा दुसरीला. हातात तेवीस दिवस होते.

"नाक्यावरच्या शेठला दाखवलीस?" मी विचारलं.

"दावली ना. शेठ बोलला, आठातले पायजे ते दे, वजनावर घेतो. हा नको." तिने एका काळ्याकुट्ट रुपयावर बोट ठेवलं.

"नको म्हणजे?"

"नको म्हंजे नको. मला काय म्हाईत?"

मला मात्र लगेच माहीत झालं. नको म्हणजे खोटा! आणि एक खोटा म्हणून बाकीच्या आठांनाही वजनाचा भाव! शोषणाची पद्धत मी इतक्या पत्रकांत वाचली होती की प्रत्यक्ष पाहायची गरजच नव्हती. मी पुस्तक उघडून दाखवलं. मुंबईत एक तज्ज्ञ बसतात. नाण्याची अवस्था तपासून दर्जा ठरवतात, प्लास्टिकच्या डबीत बंद करून वर सही-शिक्क्याचं कार्ड देतात. मग व्यापाऱ्याची काय बिशाद भाव पाडायची? फी नाण्यामागे चाळीस रुपये. माझ्या शिकवण्यांच्या कमाईत तीन नाणी बसत होती.

आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "अगं, तीन रुपये त्या शेठला वजनावर देऊन टाका आणि पोरीला ठाण्याला पाठवा."

"आई, प्रश्न तीन रुपयांचा नाही, प्रश्न व्यवस्थेचा आहे!"

"अनामत व्यवस्थेला भरायची नाहीये. जानीला भरायचीय."

सोमीमावशी दोघींकडे आळीपाळीने बघत होती. शेवटी म्हणाली, "धाड बाय मुंबैला. पण कडी काढायची नाय हां. माझ्या आयेने घालून दिलेल्या त्या."

"मावशी, साखळ्या तोडल्याशिवाय मुक्ती नाही!"

"तुझ्या तोड. माझ्या असू दे."

हे वाक्य मी ऐकलं. ऐकलं नाही असं मला कधीच म्हणता येणार नाही, कारण मला ते इतकं आवडलं की वहीत लिहून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कार्यकारिणीची बैठक भरली. अध्यक्ष बाबा, चिटणीस मी, आणि आई भाजी निवडता निवडता. पुस्तकात 'नोंद ठेवावी' असं होतं, म्हणून मी नऊही रुपयांवर पातळ कागद धरून पेन्सिलीने दोन्ही बाजूंचे ठसे घेतले. (त्या महिन्यात आमच्याकडून झालेलं हे एकमेव शहाणपण.) मग बाबांनी भिंग डोळ्याला लावलं. दोन रुपये राणीचे, तीन सातव्या एडवर्डचे, चार पाचव्या जॉर्जचे. काळा नववा त्या चारांतलाच.

"बाबा," मी म्हणाले, "याच्या झग्यावर डुक्कर आहे."

"काहीतरीच! आण इकडे." बाबांनी भिंग पुढेमागे केलं. "आहे खरं."

"बाकीच्या तीन जॉर्जांच्या झग्यावर हत्ती आहे. स्पष्ट सोंड आहे. याला सोंड कुठाय?"

"म्हणजे ठसा बनवणाऱ्याला हत्ती काढता आला नाही."

"म्हणजे बनावट!"

"शंभर टक्के बनावट!"

आई वाटाण्याची शेंग सोलत म्हणाली, "आमच्या चौथीतली पोरं हत्ती असाच काढतात. म्हणून काय पोरं बनावट?"

अध्यक्षांनी हा मुद्दा विषयपत्रिकेवर नसल्याचं सांगितलं. मग निकष ठरला. पुस्तकात लिहिलं होतं, 'नाणे जितके उत्तम अवस्थेत तितके मूल्य अधिक.' उत्तम अवस्था म्हणजे चकचकीत, हे उघडच होतं! तेव्हा सर्वांत चकचकीत तीन पाठवावेत असा ठराव मी मांडला, बाबांनी अनुमोदन दिलं, दोन विरुद्ध एक मतांनी तो मंजूर झाला.

"माझं विरोधी मत लिहून ठेवा," आई म्हणाली. "आणि रात्रीच्या भाकऱ्या कोण भाजणार तेही लिहून ठेवा."

आता पुस्तकातल्या चित्रांत एकाही नाण्याला कडी नव्हती. तज्ज्ञ कडी बघून नाणं परत पाठवतील, अशी भीती मला वाटली. (सोमीमावशीचं वाक्य वहीत होतं. वही कपाटात होती.) बाबांनी कानस काढली. पण कानस चालवायचा सराव कुणाला? म्हणून आधी एखाद्या टाकाऊ नाण्यावर हात बसवू, असं ठरलं.

टाकाऊ नाणं एकच होतं.

नवव्या रुपयाची कडी निघाली, पण कानस घसरली आणि राजाच्या नाकावरून थेट कानापर्यंत गेली. "हरकत नाही," बाबा म्हणाले, "अनुभव आला." त्या अनुभवाच्या जोरावर बाकीच्या तिघांच्या कड्या बऱ्याच सफाईने निघाल्या, कडेचे थोडे दाते गेले इतकंच. मग धुलाई. चिंच बरी की राख, हे ठरवायला पुन्हा नववा पुढे. एका बाजूला चिंच, दुसऱ्या बाजूला राख, वर जुना टूथब्रश. दोन्हींनी उत्तम काम केलं! मग तिन्ही निवडक रुपये आम्ही आधी चिंचेने आणि मग राखेने घासले. स्टीलच्या वाटीसारखे चमकायला लागले. राणीच्या गालावर मला माझा चेहरा दिसत होता.

एवढ्यावर थांबले असते तर मी माणूस ठरले असते. पण मला नवव्याचा बनावटपणा शास्त्रीयदृष्ट्या सिद्ध करायचा होता. पत्रकात पुरावा द्यायला नको? सोनार तेजाबाचा थेंब टाकून बघतात. कॉलेजच्या प्रयोगशाळेतून मी इंजेक्शनच्या छोट्या बाटलीत थोडं आणलं. एकच थेंब टाकायचा होता. बाटलीला ते माहीत नव्हतं.

राजाची दाढी फेसाळली. आई ओरडली, बाबांनी तांब्याभर पाणी ओतलं, आणि आम्ही दोघं वाकून बघू लागलो. हिरवा रंग आला नव्हता. म्हणजे तांब्याची भेसळ नव्हती.

"चांदी खरी आहे," मी चक्रावून म्हणाले.

बाबांनी बराच विचार केला. "चांदी खरी. डुक्कर खोटं."

तीन चकचकीत रुपये, नऊ ठशांचा कागद, जानीच्या अनामतीची हकीकत सांगणारं पत्र आणि फी असं रजिस्टर पार्सल मुंबईला गेलं. उत्तर येईपर्यंत स्वस्थ बसणं माझ्या तत्त्वात बसत नव्हतं. मी पत्रक काढलं. 'चांदीचे लांडगे!' गुलाबी कागद, पाचशे प्रती. तलासरीच्या बाजाराच्या दिवशी हायवेवरच्या नाक्यावर उभी राहून मी ते वाटलं. एक प्रत खुद्द शेठच्या हातात दिली. त्याने चष्मा लावून पूर्ण वाचली.

"बेन, छपाई छान आहे," तो म्हणाला. "कितीला पडली?"

मी त्याच्याकडे जळजळीत कटाक्ष टाकून पुढे गेले. मागे शटर ओढल्याचा आवाज आला. मला तो विजयाचा वाटला.

मुंबईचं पाकीट आलं तेव्हा महिना संपायला चार दिवस उरले होते. आत तीन रुपये तसेच, डबी नाही, कार्ड नाही, आणि एक पत्र. तज्ज्ञांचं अक्षर वळणदार होतं, स्वभाव सभ्य असावा. तिन्ही नाणी घासलेली आहेत, कडा कानशीने मारल्या आहेत, त्यांना दर्जा देता येत नाही. चांदीच्या वजनाचा भाव येईल. वर्षं नेहमीची असल्याने न घासता पाठवली असती तरी फार फरक पडला नसता.

मी 'वजनाचा भाव' हे शब्द दोनदा वाचले. शेठने तेच सांगितलं होतं.

पण पत्र तिथे संपलं नव्हतं. 'आपल्या ठशांच्या कागदावरील नववे नाणे मात्र पाहण्यासारखे दिसते. १९११ साली काढलेल्या रुपयांवर राजाच्या झग्यावरचा हत्ती डुकरासारखा दिसतो, अशी ओरड झाल्यामुळे ते मागे घेण्यात आले होते, म्हणून संग्राहक ते शोधत असतात. कडी असली तरी गिऱ्हाईक मिळेल. या एकाच नाण्यात बहुधा आपले काम भागेल, बाकीची विकावी लागणार नाहीत. कृपया ते जसे आहे तसे पाठवावे. धुऊ नये. पुसूही नये.'

बाबांनी पत्र घडी करून चष्म्याच्या डबीत ठेवलं, आणि चष्मा टेबलावरच राहिला. त्या दिवशी कुणीही सभा बोलावली नाही.

दुसऱ्या दिवशी मी आणि आई एसटीने तलासरीला उतरलो आणि पाड्यावर चालत गेलो. जानी अंगणात नवी पेटी पुसत होती. (पेटी उधारीने आधीच आणली होती, नाव रंगवून. हे मला माहीत नव्हतं.) मी सगळं सांगितलं. माझ्या आयुष्यातलं हे पहिलंच भाषण, ज्यात एकही घोषणा नव्हती. सोमीमावशीने नववा रुपया तळहातावर घेतला, त्यावरून अंगठा फिरवला.

"याला तोंडच नाय उरला," ती म्हणाली.



"आयेच्या गळ्यात होता तवाच काळा होता. मी कवा धुतला नाय. घामाने झाला तसा झाला." मग माझ्याकडे बघून, अगदी हळू, "कडी काढू नको बोललेले मी. इचारायचं तरी ना गं, पोरी."

मी उरलेली माळ आणि घासलेले तिघे तिच्यापुढे ठेवले.

पाच रुपये अजून कडीसकट शाबूत होते. निदान घासलेले तिघे वजनावर विकून अनामत भरू, म्हणून आम्ही चौघी नाक्यावर शेठकडे गेलो. त्याने काउंटरच्या काचेखाली माझं गुलाबी पत्रक ठेवलं होतं.

"बेन, यात लिहिलंय मी लांडगा आहे," तो शांतपणे म्हणाला. "लांडग्याकडे कशाला आलात?"

"तुम्हीच नववा खोटा म्हणालात!" मी शेवटचा प्रयत्न केला.

"मी? खोटा?" पहिल्यांदाच त्याचा आवाज चढला आणि तो गुजरातीवर गेला. "में तो कीधुं'तुं, आ ना आपता! कोईने ना आपता!"

"हां, तेच," सोमीमावशी म्हणाली. "बोलला ना, हा नको."

आईने डोळे मिटून घेतले. "'देऊ नका' म्हणाला होता तो," ती मला म्हणाली. "हा कुणालाच देऊ नका. माणूस एकदा खरं बोलला, तेवढंच नेमकं तुझ्या पत्रकात आलं नाही."

शेठने पाड्यावरच्या कुणाचीच चांदी यापुढे घ्यायची नाही असं ठरवलं होतं. शेजारच्या दोन दुकानांनीही तेच सांगितलं, आणि डहाणूचे सराफही त्यांच्याच संघटनेतले. व्यापाऱ्यांची ही एकजूट बघून मी थक्क झाले. आमच्या युनियनची एवढी कधी झाली नव्हती.

संध्याकाळच्या एसटीने बाबा स्वतः पाड्यावर आले, पाकिटात पैसे घेऊन. त्यांनी ते सोमीमावशीपुढे धरले. तिने हात पुढे केला नाही.

"घे ना आये!" जानी म्हणाली. 

"घेतले तर माळ विकल्यासारखं होईल," सोमीमावशी म्हणाली. "मी विकली नाय. यांनी मोडली. मोडलेलीच राहू दे."

बाबांनी हात जोडले, आईने विनवलं, मी रडले. ती बधली नाही. महिना संपला. ठाण्याची जागा दुसरीला गेली. त्या संध्याकाळी आम्ही पाड्यावरून निघालो होतो तेव्हा जानी मला पोचवायला रस्त्यापर्यंत आली, आणि एसटी येईपर्यंत एकच वाक्य बोलली.

"ताई, पुढच्या टायमाला आमच्या बाजूने बोलू नको."

याला आता दोन वर्षं झाली. सोमीमावशी डहाणूला येते, ओट्यावर टेकते, आईशी बोलते. गळ्यात पाच रुपये. माझ्याशीही बोलते, हवापाण्याचं. जानी नरपडच्या बाजूला चिकूच्या वाडीत फळं तोडायला जाते. शाळेतून येता-जाता आईला दिसते. दोन वर्षांत तिने स्वतःच्या मजुरीतून अनामत जमवली आहे, आणि या वर्षी पुन्हा अर्ज करते आहे. वयाच्या अटीत बसणारं हे शेवटचं वर्ष. गेल्या आठवड्यात ती स्वतः आमच्याकडे आली. मी उभीच राहिले.

"एकच काम आहे," ती म्हणाली. "या कागदांवर राजपत्रित अधिकाऱ्याची सही न गोल शिक्का पायजे. तू फक्त घेऊन चल. तोंड उघडू नको."

मी तोंड उघडलं नाही. शपथेवर सांगते! पण पहिल्या कार्यालयातल्या साहेबांनी मला दारातच ओळखलं. त्यांच्याविरुद्ध मी पाण्याच्या टाकीवरून पत्रक काढलं होतं. दुसऱ्यांविरुद्ध रस्त्यावरून. तिसऱ्यांविरुद्ध औषधांवरून. उरले होते गुरांचे डॉक्टर. त्यांच्या टेबलापाशी पोचल्यावर मला आठवलं, बैलांच्या लसीवरून मागच्या उन्हाळ्यात दोनशे प्रती! जानी एकटी गेली तर 'उद्या ये' म्हणतात. माझ्यासोबत गेली तर 'येऊच नका' म्हणतात. दोन तालुक्यांत मी ज्यांच्याविरुद्ध पत्रक काढलेलं नाही असा एकही राजपत्रित अधिकारी शिल्लक नाही.

तेव्हा वाचकहो, विनंती आहे. तुमच्या घरात, नात्यात, चाळीत कुणी राजपत्रित अधिकारी असेल, कुठल्याही खात्याचा, कुठल्याही गावचा, तर त्याला एवढं सांगा की एका मुलीच्या चार कागदांवर सही आणि शिक्का हवा आहे. मुदत या महिनाअखेरीपर्यंत आहे. ती कागद घेऊन म्हणाल तिथे येईल. जानीचं नाव जरूर सांगा.

माझं मात्र सांगू नका.